तंगुसाला पडलेला पीळ

१ फेब्रुवारी, शनिवार

पिल्वीबरोबर! यंदाच्या जोडी-स्पर्धेला ताउनो पिल्वीबरोबर बसणार! सकाळी राईच्या भाकरीला लोणी लावता लावता सांगून मोकळा झाला, उद्या थंडी वाढणार आहे असं सांगावं तसं. "हिल्का, मार्चमध्ये मी पिल्वीला घेतोय जोडीला. तू जरा आराम कर."

आराम! मी मागितला होता? गावची ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून गोठलेल्या तळ्यावर नवऱ्याच्या शेजारच्या भोकाशी गळ धरून मी बसत आलेय. आमची दोघांची म्हणावी अशी तेवढी एकच जागा. घरात हा माणूस बोलत नाही, सॉनाच्या वाफेत बोलत नाही. बर्फावर बोलतो. त्याच्या आईच्या मरणाबद्दलसुद्धा तिथेच बोलला होता, भोकात बघत. आणि ती जागा आता पिल्वीला! का म्हणून विचारलं तर कॉफी अर्धी टाकून सरपण फोडायला निघून गेला.

पिल्वी म्हणजे पलीकडच्या पिवळ्या घरात राहायला आलेली नर्स. शहरातल्या दवाखान्यात असते. वय माझ्या निम्मं. केस असे की टोपीत मावत नाहीत.

५ फेब्रुवारी

म्हातारचळ. दुसरा शब्द नाही याला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज त्यानं हद्द केली. सूपाला वाटाणे आणायला दुकानात गेले होते. नवी लाल टोपी घातली होती – हो, मुद्दाम, त्याच्या डोळ्यांत भरावी म्हणूनच. बाहेर पडते तो समोरून ताउनो. माझ्याकडे सरळ बघितलं, आणि चालू लागला! ना हूं ना चूं. परक्या बाईला बाजूला होऊन वाट द्यावी तशी मला वाट दिली.

आणि हे बघायला नेमकी राइली दारात. राइली माझी मावसबहीण, दुकानाच्या गल्ल्यावर बसते. तिला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत चर्चच्या पायरीवर पोचलेली असते. म्हणाली, "काय गं, घटस्फोट झाला आणि आम्हाला कॉफीलासुद्धा बोलावलं नाहीस?"

घरी येऊन विचारलं तर म्हणे, "विचारात होतो." कुणाच्या, ते मला ठाऊक आहे. सूप करपलं. तसंच वाढलं.

२० फेब्रुवारी

आमची गाडी अंगणात बर्फाखाली पडलीय. बॅटरी गेली म्हणतो. गेली तर नवी आण! पण नाही. आठवड्यातून दोनदा पिल्वीची निळी गाडी येते, हा शेजारी बसतो आणि शहराच्या रस्त्याला लागतात दोघं. "सराव," म्हणाला. तळं तर खिडकीतून दिसतंय, शहरात कसला सराव?

मी विचारलं नाही. विचारायचं मी सोडून दिलंय.

१ मार्च, शनिवार

राइली सॉनाला आली होती. वरच्या फळीवर बसून, घाम पुसत, जखमेवर मीठ.

"मग गळाचा दोर कोण गुंडाळणार यंदा त्याचा? पिल्वी?"

"तिला काय येतंय?"

"म्हणजे तूच! बसायचं तिनं आणि राबायचं तू. वा गं बाई!" असं म्हणून निखाऱ्यावरच्या दगडांवर एवढं पाणी ओतलं की दोघींनाही बाहेर पळावं लागलं.

खरंच आहे तिचं. ताउनोनं जिंकलेले कप कपाटात रांगेनं लागलेत, पण त्यातला एकही माझ्या दोराशिवाय आला नसता. बर्फातल्या भोकातून दोर सरळ खाली जातो. त्याला पीळ असला की टोकाची आमिषाची पितळी मासोळी भोवऱ्यासारखी फिरत राहते. खालून अहवेन येतो, बघतो आणि पाठ फिरवतो. इतका काही तो मासा खुळा नसतो. म्हणून नवं तंगूस, म्हणजे हा नायलॉनचा दोर, घालताना रीळ पेन्सिलीवर ओवायचं, म्हणजे ते फिरतं आणि दोर बाजूनं सुटतो. काठीच्या दोन खुंट्यांवर एक वळसा सुलटा, एक उलटा. मासोळीच्या वर हातभर अंतरावर फिरकीची कडी, उरलासुरला पीळ तिथे सुटतो. एवढं करूनही मासोळी सोडायच्या आधी भोकाच्या तोंडाशी टांगायची आणि बघायची. स्थिर राहिली तरच खाली. ताउनोनं गावातल्या निम्म्या पोरांना हेच ओरडून ओरडून शिकवलंय – आधी बघा, मग सोडा!

पण दोर गुंडाळायला त्याच्या बोटांत धीर नाही. ते काम पहिल्यापासून माझं. कुणी विचारलं तर तो सांगायचाही, दोर हिल्काचा. लोक हसायचे, त्यांना वाटे थट्टा करतोय. पिकतं तिथं विकत नाही!

१४ मार्च, शुक्रवार

केलं. लिहूनच टाकते.

दुपारी नवं रीळ टेबलावर आडवं ठेवलं आणि दोर वरून उपसला, वेटोळ्यावर वेटोळं. प्रत्येक वेटोळ्याला एक पीळ. खुंट्यांवर सगळे वळसे एकाच बाजूनं. फिरकीची कडी तळघरातली, गंजून बसलेली, चिमट्यानंही फिरेना. वाईट मुळीच वाटलं नाही. उलट बरं वाटत होतं, लहानपणी बहिणीच्या वेणीत च्युइंगम चिकटवताना वाटलं होतं तसं.

ताउनो शेजारच्याच खुर्चीत रेडिओ ऐकत होता. मान वळवली असती तर सापडले असते. नाही वळवली. हिच्याकडे बघण्यासारखं आता राहिलंय काय!

"झालं का?"

"झालं."

"उपकार तुझे."

उपकार! इतक्या वर्षांत हा शब्द ऐकला नव्हता. मनात चोर असला की तोंडात गोडवा येतो.

१६ मार्च, रविवार

उतरला गर्व!

मी किनाऱ्यावर कॉफीच्या टेबलाशी होते, महिला मंडळाच्या बायकांबरोबर. दालचिनीचे पाव, भाजलेलं सॉसेज, सगळं गाव तळ्यावर. ऊनही काय पडलं होतं! ताउनो आणि पिल्वी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, डोक्याला डोकं लावून एकाच भोकात बघत होते. बघा म्हटलं, पोटभर बघा. आजूबाजूचे अहवेनवर अहवेन उपसत होते आणि ताउनोचा दोर वर आला की काठीच्या टोकाशी गुंता. पिल्वी हातवारे करून त्याला काहीतरी सांगत होती, आपली काठी पुढे करत होती. हा मान हलवून नाही म्हणत होता. भांडा!

वजनाला त्याची पिशवी आली तेव्हा काट्यावरचा म्हातारा क्युओस्ती म्हणाला, "ताउनो, हे मांजरासाठी घेऊन चाललास की मांजरानं उरवलंय?" सगळे हसले. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं.

नंतर तो कॉफीला आला. कपाकडे हात केला तो बाजूला पडला, दुसऱ्यांदा कान सापडला. हरलेल्या माणसाचे हात. "मासाच नव्हता आज," एवढंच बोलला. पिल्वी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिला सगळ्यांत शिळा पाव दिला.

१८ मार्च

बोलत नाही. रागावत नाही. दोर भिंतीवर तसाच टांगलाय, काठीवर मेंढीच्या लोकरीसारखा चढलेला. गावातल्या शेंबड्या पोरानं ओळखलं असतं कुणाची करणी ते. याला कळू नये? की कळलंय आणि बोलायच्याही लायकीची मी उरले नाही?

भांडण हवं होतं मला. एक कडकडीत भांडण. त्यात तरी माझ्याकडे तोंड करून बोलला असता.

चुकले असं मुळीच वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझंच वर्णन.

२१ मार्च

उद्या मीच त्याला तळ्यावर नेणार. तोच दोर, तीच काठी. त्याच्या नाकासमोर टांगते आणि विचारते, काय दिसतंय?

२२ मार्च, शनिवार

तो लगेच निघाला. चेहरा असा उजळला की मला आणखीच राग आला. बर्फावर माझ्या बाहीला धरून चालला. घसरडं होतं, मीही धरू दिलं.

जुनं भोक गिरमिटानं मोकळं केलं. ताउनो बसला, मासोळी भोकाच्या तोंडाशी सोडली. गरागरा फिरत होती! थांबायची आणि उलटी फिरायची. आता बघतो, आता ओरडतो म्हणून मी कमरेवर हात देऊन उभी. तो वाकला. डोळे बारीक केले. मान तिरकी केली, आणखी तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी. मग खालच्या आवाजात विचारलं, "हिल्का, स्थिर आहे का गं?"

मला वाटलं चेष्टा करतोय.

"मधलं काही दिसत नाही मला," म्हणाला. "नाताळच्या आधीपासून. कडेकडेचं दिसतं. माणसाला चेहराच नसतो." पिल्वी डोळ्यांच्या विभागात आहे, तिनंच ओळखलं, तीच डॉक्टरांकडे नेते. डोळ्यांत सुया टोचतात. "तुला सांगितलं असतं तर तू मला बर्फावर पाऊल टाकू दिलं नसतंस. एक शेवटची स्पर्धा करायची होती. पिल्वी बघणार होती माझ्या वतीनं."

लाल टोपी आठवली. एका घरात, एका टेबलाशी राहून मला हे दिसलं नव्हतं.

"स्थिर आहे का?" त्यानं परत विचारलं.

"गाठ पडलीय," म्हटलं. चाकूनं दोर कापला आणि सवयीनं सोबत आणलेल्या माझ्या काठीचा बांधून दिला. बोटं गोठली होती, गाठ जमता जमेना. ताउनो भोकात बघत बसला, खूप बोलला. एक शब्द ऐकला नाही मी.

२४ मार्च, सोमवार

दुकानाबाहेर पिल्वीनं गाठलं. रागानं लाल झाली होती. "दोराला पीळ आहे हे मी त्याला पहिल्याच भोकावर सांगितलं होतं. दिवसभर सांगत होते, माझी काठी घे, माझी काठी घे. ऐकलंच नाही. म्हणाला, तुझ्या बघण्यात चूक असेल पोरी, हा हिल्कानं गुंडाळलाय."