ताडोब्याचं बुकिंग

प्रिय आईस, एटापल्लीहून मयुरीचा जयभीम.

आम्ही मजेत आहोत. रविवारी ताडोब्याजवळच्या रिसॉर्टवर जातोय. बुकिंग मीच केलं. अन्वी वाघ बघायचा म्हणून नाचते आहे. तान्ह्याला सफारीत नेत नाहीत, त्यामुळे मी त्याच्यासोबत खोलीत राहीन. सासूबाई म्हणाल्या, "तुले तं आरामच हाये, बाई. पाळणा हालवत राह्य." इथेही तेच करते.

काळजी नको. आवाराला विजेचं कुंपण आहे. मी चौकशी केली. करंट क्षणभरच येतो, माणूस दगावत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? शनिवारी प्रणितदादाला मला न्यायला पाठवशील? माहेरचं माणूस दारात आलं की इथे नाही म्हणत नाहीत. अन्वी जाऊ दे तिच्या बाबांबरोबर सफारीला. मी लिहिलं होतं, हे मात्र दादाने बोलू नये.

बाळाची बॅग भरून ठेवते.

तुझी,
मयुरी