चाळीसगावला का उतरलो नाही

पुणे, ४ डिसेंबर १९५४

तीर्थरूप नाना,

निंबाचा साष्टांग नमस्कार. मी बरा आहे, खाणावळही बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

धुळ्याला मुलगी बघायला येताना मी चाळीसगावला गाडी बदलायची सोडून थेट जळगावला उतरलो. झोप लागली, असं तुम्हाला सांगितलं. मलाही तेच खरं वाटत होतं.

इथे मानसशास्त्राच्या वर्गात व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांचे विचार शिकवतात. माणूस उगाच विसरत नाही, दाबून टाकलेली इच्छा आपला डाव साधते, असं त्यांचं म्हणणं. मनात एक हट्टी पोर असतं, त्याला दटावणारं एक वडीलधारं माणूस असतं, आणि त्या दोघांच्या कात्रीत आपण सापडलेले असतो.

माझ्या मनातलं ते वडीलधारं माणूस हुबेहूब तुमच्या आवाजात बोलतं.

तुम्ही याला थेरं म्हणाल. म्हणा. पण शिक्षण संपेपर्यंत मी लग्न करणार नाही. मुलीकडच्यांना तसं स्पष्ट कळवा, तिला ताटकळत ठेवू नका. आणि रागाच्या भरात जेवण सोडू नका.

मनातल्या नानांना हे आधीच सांगितलं आहे. ते खूप ओरडले, पण मी हटलो नाही. आता तुम्हाला सांगतो आहे, आणि या वेळी मी टक्क जागा आहे.

तुमचाच,
निंबा