ताईंच्या डुलकीत सापडलेला ग्रह

प्रति,
मा. निरीक्षण-वेळ नियंत्रक,
अंतराळ दुर्बीण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : ताऱ्यासमोरून जाणाऱ्या महाकाय ग्रहाचा प्रलंबित दावा निकाली काढण्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज. २) संदेश कक्षातील ताईंना बजावलेली नोटीस.

महोदय,

अर्जदार आपल्याच कार्यालयात तळमजल्यावर कंत्राटी आलेख तपासनीस आहे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो आणि आलेखाला खळी पडते. ती खळी शोधणे हे अर्जदाराचे काम. आईच्या मते तो दिवसभर रेघ बघतो, आणि त्यात खोटे काही नाही.

अशाच एका रेघेत अर्जदारास खोल, सुबक खळी सापडली. ग्रह चांगला गुरूएवढा असावा. परंतु नियमानुसार एक खळी म्हणजे धूळ, दोन खळ्या म्हणजे ग्रह. दुसरी मिळेना. कारण दुर्बीण दर पंधरवड्याला पृथ्वीकडे तोंड करून साठलेली माहिती पाठवते, आणि ग्रह नेमका तेव्हाच ताऱ्यासमोरून जातो. दर वेळी उजेड जरासा घटू लागतो आणि दुर्बीण पाठ फिरवते.

सबब दुर्बीण अर्धा दिवस उशिरा वळवावी, असा पहिला अर्ज केला. उत्तर आले, की ग्रह सिद्ध नसल्याने वेळ बदलता येत नाही. सिद्ध झाल्यास वेळ बदलण्याचे प्रयोजन उरत नाही. अर्जदाराने हे उत्तर तीनदा वाचले. त्यात फट नाही.

मग दुसऱ्या अर्जात अर्जदाराने पुराव्यादाखल प्रामाणिकपणे लिहिले, की एकदा दुर्बीण उशिरा वळली म्हणूनच ती एक खळी पूर्ण दिसली. हा प्रामाणिकपणा भोवला. दुर्बीण वळवण्याची आज्ञा ताई देतात. चौकशीत निघाले, की त्या दिवशी जेवणानंतर त्यांना डुलकी लागली होती. तिला डुलकी म्हणावे की झोप, याबाबत आस्थापना शाखेत अद्याप मतभेद आहेत. नोटीस मात्र एकमताने निघाली.

ताईंची पेन्शन तोंडावर आली आहे. त्या जिन्यात भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "अरे बाबा, तुझा ग्रह वर, माझी नोकरी खाली. मध्ये तू कशाला कडमडलास?" हल्ली त्या दोन गजर लावून बसतात आणि आज्ञा वेळेच्या थोडी आधीच देतात. त्यामुळे पूर्वी उजेड जरासा घटताना दिसे, तोही आता दिसत नाही.

आता आस्थापना शाखेचे म्हणणे असे, की खळी खरी असेल तर डुलकीही खरी. चालू महिनाअखेर दुर्बीण आकाशाच्या दुसऱ्या भागाकडे वळणार असल्याने, नव्या खळ्या टिपून ग्रह आणि ताई दोघांनाही वाचवण्याचा तिसरा मार्ग संभवत नाही.

तरी विनंती, की सदर खळी धूळ समजावी, दुर्बीण त्या दिवशी वेळेवरच वळली असे नोंदवावे आणि ताईंवरील नोटीस मागे घ्यावी. अर्जदाराची ग्रहाबाबत कोणतीही तक्रार नाही. तो येत्या खेपेसही वेळेवर ताऱ्यासमोरून जाईल. त्या वेळी अर्जदार तळमजल्यावर रेघेसमोर बसलेला असेल. दिसणार काहीच नाही, याची त्याला पूर्ण कल्पना आहे.

आपला नम्र,
(सही)
आलेख तपासनीस, कंत्राटी

दिनांक : ताईंच्या खुलाशाची मुदत संपण्याचा आदला दिवस

सोबत : खळीचा आलेख, मूळ प्रत. अर्जदाराने स्वतःकडे प्रत ठेवलेली नाही.