मंगळवारचे अकरा किलोमीटर

रोहा,
२४ एप्रिल

आदरणीय नाथाभाऊ,

धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे केरूचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, अनितावहिनींचा खोकला गेला का, आणि परसातल्या वालाच्या शेंगा यंदा तरी तुमच्या घरात आल्या की शेजाऱ्यांच्या, हे सविस्तर कळवावं. इकडे मी सुखरूप आहे. तुमच्या बहिणीबद्दल माझी चौकशी अजून पुरी व्हायची आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तुमचा फोन नेहमी वहिनी उचलतात, तो स्पीकरवर टाकतात, आणि तुमच्या जिते गावात बोललेला शब्द पुढच्या रेल्वेनं माझ्या आधी रोह्याला पोचतो. (वहिनींवर माझा संशय नाही. फोनवर आहे.)

सगळं पहिल्यापासून लिहितो, कारण यातलं तुम्हाला किती आधीच ठाऊक आहे हेच मला ठाऊक नाही. दिवाळीनंतर मी ती राहायची गाडी घेतली, इतपत तुम्हाला माहीत आहे. ‘केरूनं घराला चाकं लावली,’ असं तुम्ही कोलाडच्या लग्नात पंगतीत बोललात, ते मलाही माहीत आहे. पण भाऊ, चौतीस वर्षं कंपनीत बॉयलरवर तिन्ही शिफ्ट केल्या. समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली मालवणपर्यंत जावं, वाटेल तिथं चहा करून प्यावा आणि कुणाच्या भोंग्यानं उठू नये, एवढीच एक इच्छा बाकी होती. अलिबागकडच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी पंचवीस वर्षांपूर्वी एका छोट्या डिझेल व्हॅनच्या पोटात अख्खा संसार बसवून घेतला होता. बाक ओढला की पलंग, पलंगाखाली कपाट, दाराशी दोन बर्नरची शेगडी आणि भांडी घासायला वाडग्याएवढं बेसिन. छप्पर मध्यभागी वर उचललं की माणूस आत ताठ उभा राहतो. (प्राध्यापक बुटके होते. मी मान वाकडी करून उभा राहतो.) किल्ली देताना ते हसत होते. जुनी गाडी विकताना माणूस एवढा हसतो, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. घरी आणून खालची चटई उचलली तर मला आमच्या गल्लीतला रस्ता दिसला.

आमच्या आळीनंही त्या गाडीवर पहिल्या दिवसापासून संशय घेतला. कुणी म्हणालं निवडणुकीची, कुणी म्हणालं विजेची चोरी पकडणाऱ्यांची. (त्या संध्याकाळी समोरच्या दोन घरांचे दिवे फार लवकर मालवले.) पलीकडच्या गिरजाबाई तर दुसऱ्या सकाळी उपाशीपोटी येऊन पलंगावर बसल्या आणि दंडापर्यंत बाही वर करून हात पुढे केला. ही साखर तपासायची गाडी नाही, हे समजवायला मला अर्धा तास लागला. जाताना त्यांनी मला बजावलं की सरकारी माणसानं असं खोटं बोलू नये.

तेव्हा डिसेंबरात गाडी पेणला आदेशच्या गॅरेजात नेऊन ठेवली. आदेश चाळिशीचा, हाताचा कसबी, पण फार कमी बोलतो आणि कमी बोलणाऱ्या माणसाचं मला नेहमीच अवघड वाटतं. इंजिन आणि गंजलेला पत्रा त्याच्याकडे, लाकूडकाम, गळती आणि शिवण माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मी दर सोमवारी आणि शुक्रवारी रोह्याहून गाडी पकडून पेणला जायचो. फुगलेलं प्लायवूड उखडलं, छपराच्या फाटक्या ताडपत्रीला स्वतः सुई घातली (अंगठ्यात तीनदा), खिडक्यांचे कडक झालेले रबर काढून नवे बसवले. गळतीनं मात्र जीव काढला. तपासायला वरून पाइप सोडला की पाणी शेगडीवर टपकायचं म्हणून मी वरचा सांधा बुजवला, तर ते उशाशी टपकायला लागलं. आठ दिवसांनी कळलं की ते येत होतं पार मागच्या दिव्यापासून, पत्र्याच्या आतून चालत चालत. रंगाचंही तसंच. शेजारी गणपतींचा कारखाना आहे, तिथल्या रंगाऱ्यानं हौसेनं मदत केली आणि त्याच्याकडे नेमका पितांबराचा पिवळा शिल्लक होता. आता गाडी अशी दिसते की रस्त्यानं माणसं नकळत हात जोडतात. त्या कारखान्यातल्या धोंडुबाई दुपारी तिच्या छपरावर पोह्याचे पापड वाळत घालतात, ते मी चालवून घेतलं.

फेब्रुवारीपासून मात्र गोष्टी जागच्या हलायला लागल्या. आधी ड्रायव्हरची सीट. मी उंच माणूस, सीट पार मागे सरकवून ठेवतो. शुक्रवारी जावं तर ती चार बोटं पुढे. मग मी मीटरचा आकडा तळहातावर लिहून आणायला लागलो. सोमवार ते शुक्रवार बरोबर अकरा किलोमीटर वाढलेले, दर आठवड्याला अकरा. आदेशला विचारलं, तर तो पाना पुसत म्हणाला, “ट्रायल.” एवढंच. टायरांना खाडीचा राखाडी चिखल होता. मागच्या काचेवर लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे राहिले होते, एक उभा, एक आडवा. चोर लोक घरांवर खुणा करतात असं मी ऐकलं होतं, गाडीवर केलेली पहिल्यांदाच पाहिली. आणि एका शुक्रवारी सीटखाली उशी सापडली. निळ्या दोऱ्याचा मोर भरलेली. अगदी तशीच उशी आमच्या बैठकीतून आठवड्यापूर्वी नाहीशी झाली होती! मी तिथंच पायरीवर बसलो. म्हणजे आदेश नुसती माझी गाडी फिरवत नव्हता, त्याची माणसं रोह्याला येऊन माझं घरही फोडत होती.

हे घरी सांगितलं तर तुमची बहीण तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं की चोरांनी फक्त उशी नेली का. मी म्हटलं, सुरुवात अशीच होते. त्यावर तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला, आणि मला तिचाही संशय आला. कारण एरवी घरातला चमचा हरवला तरी ती घर डोक्यावर घेते. शिवाय दर मंगळवारी ती सकाळच्या गाडीनं तुमच्याकडे जित्याला यायची, तुमच्या गुडघ्याला तेल लावायला. (ती तुमच्याकडे खरंच यायची का, भाऊ? उत्तर देण्याआधी विचार करा.)

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी ती निघाल्यावर मी पुढची गाडी पकडली आणि न कळवता पेणला उतरलो. गॅरेजात माझी गाडी नव्हती. पापड जमिनीवर वाळत होते. धोंडुबाईंनी मला पाहिलं आणि उलट माझ्यावरच संशय घेतल्यासारख्या म्हणाल्या, “मिठागराकडं गेली गाडी. दर मंगळवारी जाते. तुमाला नाय म्हाईत?”

रिक्षा करून खाडीच्या बांधावर पोचलो आणि मिठाच्या राशीआड उभा राहिलो. उन्हानं मीठ असं लखलखत होतं की डोळे उघडवेनात. मनात पोलिसांत काय सांगायचं ते जुळवत होतो. तेवढ्यात लांबून पिवळा ठिपका आला. गाडी सावकाश, पण दोरी लावल्यासारखी सरळ येत होती. वळणाशी, जिथं दोन बगळ्यांखेरीज कुणी नव्हतं, तिथं तिनं डावा दिवा लुकलुकवला. मागच्या काचेवर लाल L होता. आदेश डावीकडे बसला होता, हाताची घडी घालून. आणि स्टिअरिंगमागे, पदर कमरेला खोचून, चष्मा नाकावर, मोराच्या उशीवर बसून, तुमची बहीण.

काय वाटलं ते मला नीट लिहिता येत नाही. राग यायला पाहिजे होता आणि तो येईपर्यंत मी तिच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं मी ह्या बाईला माझ्या मागच्या सीटवर पाहिलं होतं. एवढी ताठ बसलेली कधी पाहिली नव्हती. तिनं गाडी बरोबर माझ्यापाशी आणून थांबवली, हँडब्रेक ओढला आणि म्हणाली, “मागं बसा. पुढं आदेश हाय.”

मी मागे बसलो. परतीच्या वाटेवर मिठाच्या राशी मागे पडल्या. मग मी विचारलं की हे चोरून कशाला. ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, “डिसेंबरात नागोठण्याजवळ तुमाला म्हैस दिसली नाय.” मी सांगितलं की म्हैस रस्त्याच्या रंगाची होती आणि डावीकडून एकदम आली. “एकदम नाय आली,” ती म्हणाली. “उभीच होती.” आदेशनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. तो कमी का बोलतो हे मला तेव्हा समजलं आणि मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली. (मोठ्यानं मागितलेली नाही. माझ्या एका हरवलेल्या पान्याचा हिशेब अजून लागायचा आहे.)

तर भाऊ, मागच्या आठवड्यात तिनं पहिल्याच फेरीत परीक्षा पास केली. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मालवणला निघतो. तिनं चालवायचं, मी नकाशा बघायचा, ऑइल-पाणी तपासायचं आणि गळती शोधायची, असं ठरलं आहे. मी मोठ्या मनानं ते मान्य केलं आहे. हवं तर मीही चालवू शकतो, पण तिची हौस आहे, मोडवत नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
केरू

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. जानेवारीत कंपनीच्या निवृत्त लोकांसाठी डोळ्यांचं शिबिर होतं. मी नुसता चहाला गेलो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. डावीकडचं बरंच गेलं आहे, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा आणि गाडी चालवू नका, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद मी गाडीतल्या गादीच्या खोळीत ठेवला आहे. विमलला यातलं काहीही ठाऊक नाही आणि कळताही कामा नये, ती मालवण रद्द करील. येत्या गुरुवारी पनवेलच्या दवाखान्यात मला तपासणीला बोलावलं आहे. डोळ्यांत औषध घातल्यावर दोन तास दिसत नाही म्हणे. मी तिला वायपर आणायला जातो असं सांगणार आहे. तुम्ही जित्याला माझ्या डब्यात चढाल का? एकट्याला थोडं अवघड वाटतं आहे.

ता. क. दुसरा. वाचून झालं की हे फाडून टाकावं.

दादा, मी विमल. ह्यांची ओळ हल्ली सरळ येत नाय म्हणून पत्ता घालायला पाकीट माझ्याकडं दिलं. जाड लागलं म्हणून उघडलं. तो कागद मला जानेवारीतच, गाडीतल्या भिजलेल्या गाद्या घरी आणून उन्हात टाकताना सापडला होता. पुढच्याच मंगळवारपासून मी आदेशकडं जायला लागले. म्हशीचं आपलं बोलायला काहीतरी पायजे म्हणून बोलले. मला ठाऊक हाय हे त्यांना कळू देऊ नको, त्यांना ते सोसायचं नाय. गुरुवारी तुझा गुडघा धरलाय असं कळव. पनवेलला मीच नेते, वायपर मलाही बघायचे आहेत असं सांगेन. डावीकडचं मी बघेन.