मागचं दार

ताई,

मी कामावर निघालोय. तुझा नुकताच डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. आईला गोळी दिली आहे, जेवण झाकून ठेवलंय.

कॉम्प्युटर मात्र बंद करू नकोस. आईचा गोट्यांचा खेळ पुन्हा सुरू झालाय. मी विंडोज काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकली तेव्हा तो गेला, म्हणून 'उचापत्या' म्हणत तू मला चांगलंच धारेवर धरलं होतंस. काल 'वाईन' नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मी नुसता बघतच राहिलो. त्या खेळाला वाटतं, आपण अजून विंडोजवरच आहोत. तो सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोजची फायली ठेवायची जागा, मागतो. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नसतोच. पण वाईन त्याच्याशी वाद घालत बसत नाही. एक साधा फोल्डर पुढे करतं, हा घे तुझा सी ड्राइव्ह. खेळ खुशाल चालतो. आणि काल जिला माझं नाव आठवेना, ती आपली आई पटापट गोट्या जुळवत होती.

सकाळी तिने परत विचारलं, "मागचं दार कुठे गेलं?" काल रात्री मागचं दार असलेलं ते जुनं घर विकल्याचं तू समजावता समजावता तुम्ही दोघी रडलात. आज मी गॅलरीच्या दाराकडे बोट दाखवलं. म्हटलं, "हे काय." ती गेली, कुंड्यांना पाणी घातलं, आत येऊन कडी लावली आणि निवांत बसली.

संध्याकाळी तुला विचारेल. झारी भरून त्या दाराशी ठेवली आहे.

उचापत्या