कोरडी गाठ

३ मार्च, सोमवार

ठरलं! म्हणजे ठरवलं गेलं. नवऱ्याने ताटावरची नजरही न उचलता जाहीर केलं — "यंदाची तलावावरची जोडीची मासेमारीची स्पर्धा बाबांनी खेळावी. पण एकट्याने नाही, बोटीत बरोबर कोणीतरी पाहिजे. लाइफ जॅकेट दोघांनीही काढायचं नाही. आणि जराही गडबड झाली, तर रॉड-बिड सगळं विकायचं आणि बाबांनी ताईकडे राहायला जायचं."

ताई म्हणजे माझ्या वन्सं. सहा तासांवर, सातव्या मजल्यावर राहतात. बाबा म्हणाले, "तिच्याकडे आंघोळीच्या बादलीपलीकडे पाणी नाही." कोणी हसलं नाही.

नवऱ्याचं चुकतंय असंही म्हणवत नाही. अग्निशमन दलात आहे तो. बुडालेल्यांना बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. गेल्या वर्षी बाबा एकटेच बोटीतून पडले आणि पाऊण तास बोटीचा दोर धरून पाण्यात होते. मदतीचा फोन आला तो नेमका यानेच उचलला! तेव्हापासून घरात तलावाचं नाव निघालं की याचा जबडा आवळतो.

"मग बरोबर कोण येणार?" बाबांनी विचारलं. नवरा भात कालवत राहिला.

"मी," मी म्हणाले.

का म्हणाले कोण जाणे. मला पोहता येत नाही. जिवंत मासा हातात घ्यायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. पण बाबा गेले तर या घरात मी बोलणार कोणाशी? नवरा पाळीवर, आणि पाळीवरून आला की झोपलेला. सासऱ्याशी सुनेची गट्टी असते हे माझ्या बहिणीला आजही पटत नाही.

५ मार्च, बुधवार

मागच्या अंगणात सराव. टप्प्यावर बादली ठेवली, गळाऐवजी शिशाचा गोळा बांधला.

बाबांचं जुनं रीळ आडवं बसतं, रॉडच्या वर. फेकताना फिरणाऱ्या रिळावर अंगठा हलकेच टेकवून वेग धरावा लागतो. जरा उशीर झाला की रीळ पुढे पळतं, दोरी मागे राहते आणि सगळा गुंता! सात वेळा फेकलं, पाच वेळा गुंता. अंगठा थरथरतो त्यांचा. चाळीस वर्षं लेथवर काम केलेला अंगठा.

"सोडवू का?" म्हटलं. "नको." खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. अर्धा तास सोडवत होते. मी भाजी निवडत राहिले, दोनदा तीच तीच.

८ मार्च, शनिवार

गळाच्या दुकानात. दुकानदार कपाळावर भिंग चढवून बसतो म्हणून बाबा त्याला भिंगोजीराव म्हणतात. सव्वा तास गेला.

भिंगोजीरावांचं म्हणणं, "काका, आता रॉडच्या खाली लटकणारं उघडं रीळ घ्या. अंगठ्याचं कामच नाही. गुंता नाही."

"ते शिकाऊंचं."

"हातांचा विचार करा—"

"हातांना काय झालंय?"

दोन गिऱ्हाइकं उगाच गळांची पाकिटं चाळायला लागली. मीच तोंड घातलं — "मला हवंय ते. मी शिकाऊच आहे." ते रीळ माझ्या नावावर घेतलं! रॉड मध्यम ताकदीचा, टोकाला लवचीक. अगदी ताठ घेतला तर बास माशाच्या तोंडातून गळ फाटून निघतो, अगदी मऊ घेतला तर पाणवनस्पतीतून मासा ओढता येत नाही. हे सगळं बाबांनीच सांगितलं, तेही रॉडकडे न बघता, जणू विषय माझाच आहे.

परत येताना म्हणाले, "तू फार हुशार समजतेस स्वतःला." मग कोपऱ्यावर — "थँक्यू."

११ मार्च, मंगळवार

नव्या रिळाने दहापैकी आठ वेळा बादलीत! "शिकाऊंचं" रीळ आता "आपलं" झालंय.

१२ मार्च, बुधवार

पण गाठी जमत नाहीत. त्यांच्या बोटांना दोरीचं टोक वेढ्यातून ओवताच येत नाही. आज तीनदा प्रयत्न करून रॉड खाली ठेवला आणि म्हणाले, "पुरे झालं, राहू दे." ते "राहू दे" मला अजिबात आवडलं नाही.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, टोप्या, गव्हाएवढ्या दातावर खाचा. मी म्हटलं, "माणसाला दात बसवणारीला गाठ बसवता येणार नाही?" शिकवा म्हटलं. शिकवलं.

मुख्य दोरी विणलेली, पातळ पण चिवट. ती पाण्यात दिसते. म्हणून पुढे हातभर-दोन हात पारदर्शक तुकडा जोडायचा, त्याला लीडर म्हणतात. सगळा जीव त्या जोडात. वेढे एकसारखे पडले पाहिजेत आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी आवळली की घासून आतल्या आत भाजते. वरून दिसत नाही, पण ऐन वेळी दगा देते.

"नवऱ्याला सांगायचं नाही," बाबा म्हणाले. "त्याच्या लेखी गाठी मीच बांधतो."

हो म्हटलं. खोटं पहिलंच नाही, पण हे जरा जड गेलं.

१५ मार्च, शनिवार

पहिल्यांदा पाण्यात. लॅबमध्ये अर्धी सुटी काढली. बोट हलली की मी दोन्ही हातांनी कडा धरायचे. बाबा मात्र गळ्यात दोरी कापायची कात्री अडकवून बोटीत बसले आणि दहा वर्षांनी लहान झाले. रबरी काळा किडा, बुडालेल्या झाडाच्या बाजूला टाकायचा, तळाला जाऊ द्यायचा, मग नुसतं टोक हलवायचं. "ओढू नकोस. त्याला वाटू दे की किडा मरायला टेकलाय."

रिळाचा ड्रॅग — मासा ओढायला लागला की दोरी थोडी थोडी सुटावी म्हणून असलेली चकती — आम्ही टांगत्या वजनकाट्यावर लावून आलो होतो. दोरी जेवढ्या वजनाला तुटेल त्याच्या पाव हिश्श्यावर. नवरा बघत होता. "एवढं सगळं माशासाठी?" म्हणाला. पण काटा धरून उभा तोच राहिला.

दोन बास मिळाले. जाळीत मीच घेतले. किंचाळले, पण घेतले.

२० मार्च, गुरुवार

काही सुचत नाही. स्पर्धेला तीन दिवस. लॅबमध्ये वरचा दात खालच्या कवळीला लावला.

२२ मार्च, शनिवार

वन्संचा फोन. खोली तयार केली म्हणे! पडदेसुद्धा लावले. "हिरवे. बाबांना हिरवं आवडतं ना." माणूस अजून हरला नाही आणि यांचे पडदे लागले.

मी तेव्हा गाठी बांधत होते, पाच लीडर. नवरा समोर. मी म्हटलं, "तुम्ही बहीण-भावांनी आधीच ठरवून टाकलंय." तो म्हणाला, "तू नाही पाहिलीस पाण्यातून काढलेली माणसं. मी पाहिली. मला माझ्या बापाला तसं बघायचं नाही." मी म्हटलं, "आणि सातव्या मजल्यावर खिडकीशी बसलेलं बघायचंय?" आवाज चढले. बाबा आतून आले, आमच्याकडे न बघता पाचही लीडर उचलून डब्यात ठेवले.

उद्या.

२३ मार्च, रविवार

गेला.

संपायला वीस मिनिटं होती. पिशवीत तीन, बरे होते, पण वर यायला एक मोठा हवा होता. बुडालेल्या झाडाशी बाबांनी किडा टाकला आणि रॉड असा वाकला की बोट फिरली. पाण्यावर एकदा आला. एवढा बास बाबांनीही पाहिला नव्हता. ड्रॅग किर्रर्र वाजत होता. पाच मिनिटं, सहा मिनिटं. मग बोटीखाली शिरला. आणि दोरी सैल. संपलं.

काठावर नवरा उभा होता, ड्यूटीच्या कपड्यांतच. आजूबाजूचे लोक कुजबुजत होते, "हात गेले काकांचे." ऐकू येईल इतपत मोठ्याने.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"माझा हात घसरला," बाबा म्हणाले. "ड्रॅग जास्त आवळला गेला. दोरी तुटली."

"झालं मग?"

"झालं."

पुढच्या रविवारी वन्सं न्यायला येतायत.

२४ मार्च, सोमवार

अक्षर वाकडं येतंय. उजव्या पंजाला पट्टी आहे. लॅबमध्ये सांगितलं विळीवर कापलं, घरीही तेच.

बाबांचा हात घसरला नव्हता. मी शेजारीच होते. शनिवारचं भांडण आठवतंय. त्या पाचव्या लीडरची गाठ मी बोलता बोलता आवळली. थुंकी लावली का? आठवत नाही. आठवत नाही म्हणजे नाहीच लावली.

माझी गाठ सुटली आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं.

२६ मार्च, बुधवार

बाबा डबे आवरतायत. गळ एकीकडे, शिसं एकीकडे, रबरी किडे रंगांप्रमाणे. भिंगोजीराव येऊन रॉड घेऊन गेले. जाताना मला म्हणाले, "वहिनी, मला हे घ्यायला बरं वाटत नाही हो."

बाबांना म्हटलं, "तुम्ही खोटं का बोललात?" ते म्हणाले, "कुठलं?" आणि पाकिटं मोजत राहिले. मग हळूच — "हात कसा आहे तुझा?"

बरा आहे म्हटलं. आत जाऊन नळ सोडून रडले.

२७ मार्च, गुरुवार

सांगायचं. उद्या. सांगितलं नाही तर मी माझ्याच नजरेतून उतरेन.

२८ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

नवरा बूट घालत होता. एका दमात बोलून टाकलं — गाठी पहिल्यापासून मी बांधत होते, तुझ्यापासून लपवलं, शनिवारची गाठ मी कोरडी आवळली, मासा माझ्यामुळे गेला, बाबांच्या हातांमुळे नाही.

तो एक बूट घालून तसाच बसून राहिला. "मग ते का म्हणाले हात घसरला म्हणून?"

"माझ्यावर येऊ नये म्हणून."

"आणि तू आज का सांगतेस?"

"कारण गाठ सुटली म्हणून माणसाला घराबाहेर काढत नाहीत."

एका पायात बूट, एका पायात मोजा, तसाच बाबांच्या खोलीत गेला. मी मागोमाग, पाचावर धारण बसलेली. "बाबा, ही म्हणते गाठ सुटली. खरं आहे?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. माझ्या पट्टीकडे पाहिलं. मला वाटलं आता माझं धाडस बघून ते हसतील, पण नाही हसले.

"हो," म्हणाले. "गाठच असणार. नवीन आहे. शिकेल."

"आणि तुम्ही ठीक होतात? तोल-बिल?"

"मी बसून होतो. जॅकेट घालून. पाहिजे तर काठावरच्या पंचांना विचार."

नवऱ्याने खिशातून फोन काढला. "ताई, रविवारी येऊ नकोस. नाही... नाही, बरे आहेत ते. पडदे राहू देत, आम्हीच येऊ कधीतरी."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. सुटलो! नवरा जाताना म्हणाला, "थुंकी लावायला काय होतं तुला?" चिडून म्हणाला, पण म्हणाला!

३० मार्च, रविवार

भिंगोजीरावांकडून रॉड परत आणले. ते रीळ पुसायला घेतलं आणि दोरीचं टोक हाती आलं. गाठ सरकून सुटली की टोक कुरळं होतं. दोरी घासून तुटली की केसाळ. हे टोक साफ आहे, तिरपं कापलेलं. बाबांच्या गळ्यात लटकते त्या कात्रीने.

त्या दिवशीची एक गोष्ट मी या वहीतसुद्धा लिहिली नाही. जाळीचा दांडा अडकत होता म्हणून मी अट मोडून जॅकेट काढलं होतं, काठाला लागण्याआधी परत चढवलं. आणि मासा बोटीखाली गेला तेव्हा घाबरून दोरीच हाताने धरली, पंजाभोवती वेढा घेऊन. मासा ओढत होता, मी कमरेपर्यंत बोटीबाहेर होते. मग दोरी माझ्या पंजातून सरसर कापत निघून गेली. पुढची गाठ सुटली असती तर मासा गेला असता, दोरी माझ्या हातातच राहिली असती. एवढी साधी गोष्ट आठ दिवस डोक्यात आली नाही!

एका हातात रॉड, दुसऱ्या हाताने कात्री, हलत्या बोटीत, माझ्या बोटांपासून चार अंगुळांवर, रॉडच्या बाजूने. एकाच फटक्यात. बोटांना धक्का नाही.

त्यांचे हात गेलेले नाहीत. पुरावा माझ्यासमोर टेबलावर पडलाय, आणि तो मी नवऱ्याला दाखवू शकत नाही.