कंट्रोलचा ठोकळा

मंगळवार, दुपार
लॅबची स्टोअररूम

प्रिय आई,

नमस्कार. 'तीर्थरूप' वगैरे लिहून सुरुवात केली असती तर तू म्हणाली असतीस, हिला काहीतरी मागायचंय. मागायचंच आहे.

मी बरी आहे. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. तुझ्या कुंड्या एक सोडून सगळ्या जिवंत आहेत. मावशीला सांग, सकाळी अकरा वाजता 'ती झोपलीये' ही थाप तिसऱ्या दिवशी शिळी होते. म्हणून फोन सोडून पत्र लिहिते आहे.

बाबांचं रेडिएशन काल सुरू व्हायचं होतं. झालं नाही. मशीनखाली डोकं हलू नये म्हणून घालायचा चेहऱ्याचा साचा तयार होता, मशीनची वेळ मिळाली होती, मी रजा घेतली होती. बाबा बूट घालून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती आल्यावर जाऊ." मी म्हटलं, घशातली गाठ तिची वाट बघत थांबणार नाही. "मग मी थांबतो," म्हणाले, आणि बूट काढून ठेवले. आता पुढची वेळ येत्या सोमवारी साडेआठची आहे. डॉक्टर म्हणाले, एक आठवडा चालेल, त्यापुढे नाही.

इथवर लिहून मी उठले आणि फ्रीजचं तापमान बघून आले. चार. सकाळीही चारच होतं.

तू का गेलीस ते मला माहीत आहे, कारण तुला घालवलं मी. तू शर्टांना इस्त्री करत होतीस आणि विचारलंस, "तंबाखू नाही, सिगारेट नाही, मग ह्यांना हे झालं कसं?" मी रिपोर्टवर सही व्हायच्या आधी सांगायला नको होतं. आमच्याकडे तो पहिला नियम आहे. पण स्लाइड मी स्वतः पाहिली होती, आणि तुला उत्तर दिलं: "एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे. शारीरिक संबंधातून पसरतो." पुस्तकात अगदी असंच वाक्य आहे. त्याच्या पुढे आणखी चार वाक्यं आहेत, ती मी सांगितली नाहीत. तू पुढचा शर्ट उचललास, मी निघून गेले.

ती चार वाक्यं आता लिहिते. हा व्हायरस बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी होतो आणि कळायच्या आत निघूनही जातो. काहींच्या शरीरात तो वीस-तीस वर्षं गप्प बसून राहतो. जिभेच्या पुढच्या भागात किंवा गालात झालेल्या कॅन्सरशी त्याचा किती संबंध आहे यावर अजून वाद आहे, पण टॉन्सिलपाशी, जिथे बाबांचं आहे, तो संबंध बराच पक्का आहे. आणि टॉन्सिलचा कॅन्सर या व्हायरसमुळे झालेला असेल तर तो उपचारांना जास्त चांगली दाद देतो. म्हणजे ज्या बातमीवर तू बॅग भरलीस, त्याच बातमीवर आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम मला म्हणाल्या, "चला, निदान हे तरी बरं झालं."

जेवणाची सुट्टी संपली. बाकीचं घरी.

मंगळवार, संध्याकाळ

बाबा अजून रोज चार जणांना गाडी शिकवतात. आवाज बसलाय म्हणून खुणा करतात. आज एक बाई मला म्हणाल्या, "सर बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते." तुझं ते बाबांना चिडवणं आठवलं, "बायकांनाच बरा रिव्हर्स शिकायला महिना लागतो!" आणि बाबांचं, "रिव्हर्स कुणालाच लवकर येत नाही." तेव्हा आपण दोघी हसायचो. नंतर मी हसायची थांबले. का थांबले, ते तुला सांगायला हवं.

आमच्याकडे काम कसं चालतं ते आधी सांगते. पेशंटचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. मी मशीनवर त्याची चार मायक्रॉनची चकती कापते आणि काचेवर चढवते. व्हायरसची खूण दाखवणारा रंग लावायचा असेल तर त्याच काचेवर दुसरा एक तुकडा ठेवावा लागतो. तो तपकिरी होणार हे आधीच माहीत असतं. तो नाही झाला तर रंगच बिघडला असं समजायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. त्यासाठी जुन्या ऑपरेशनमधला, काम संपलेला ठोकळा वापरतात. त्याच्यावर नाव नसतं, फक्त नंबर.

दोन वर्षांपूर्वी कंट्रोलचा रंग फिका येऊ लागला. ठोकळा किती जुना आहे ते पाहायला मी कपाटातलं रजिस्टर काढलं. नंबरासमोर तुझं नाव होतं, तुझं वय होतं, आणि तारीख त्या आठवड्यातली, जेव्हा मला मावशीकडे ठेवलं होतं आणि 'आईची साधी गाठ काढायची आहे' असं सांगितलं होतं. रजिस्टरमध्ये 'साधी गाठ' असं लिहिलेलं नव्हतं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीचा बदल, आणि व्हायरसची लक्षणं, असं होतं.

मी रजिस्टर जागेवर ठेवलं आणि तुझ्या ठोकळ्यातून पुढची चकती कापली. गेली दोन वर्षं कापते आहे. किती अनोळखी लोकांच्या शेजारी मी तुला ठेवलं असेल, मोजलेलं नाही. एरवी मी सगळं मोजते.

तुला विचारलं नाही. त्या दिवशी घरी आले आणि बाबांशी बोलले नाही. माझ्या मनात निकाल लागलेला होता, व्हायरस बाबांकडूनच आला असणार. पुढे न बोलण्याची सवयच झाली. त्यांना वाटलं, नोकरीचा ताण आहे. मला चहा करून द्यायचे आणि कप टेबलावर ठेवून आवाज न करता जायचे.

मी आत्ता दोनदा खिडकी उघडून बंद केली. बाबा म्हणाले, "एक काय ते ठरव, माणसाला सर्दी होईल."

बाबांची स्लाइडही मीच केली. नंबर ओळखीचा होता, दुसऱ्या कुणाला द्यायला हवी होती, दिली नाही. भिंगाखाली धरली तेव्हा दोन्ही तुकडे तपकिरी होते. एका काचेवर तुम्ही दोघं, मध्ये साधारण आठ मिलिमीटर. आणि तेव्हा, आई, मला पहिल्यांदा कळलं की मला काहीच कळलेलं नाही. व्हायरस कुणाकडून कुणाकडे गेला, हे काचेवर दिसत नाही. लग्नाआधी कुणाच्या आयुष्यात काय होतं, लग्नानंतर काय झालं, हे दिसत नाही. त्यांच्याकडून तुला आला असेल. तुझ्याकडून त्यांना आला असेल. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं, कारण ते नसेल तर हे पत्र माझ्या त्या पहिल्या वाक्यासारखंच अर्धवट होईल.

एवढं समजूनही तुझ्यासमोर मी अर्धंच बोलले. तू इस्त्री उभी केलीस आणि म्हणालीस, "म्हणजे तेव्हा डॉक्टरीण म्हणाली होती, ते खरं." मी ऐकलं होतं, आणि ते तुझ्या त्या ऑपरेशनबद्दल आहे हेही कळलं होतं. तरी म्हटलं, "काय?" तू म्हणालीस, "काही नाही, इस्त्री तापलीये." बारा वर्षं तू हे एकटीनं उरात धरून त्यांचे शर्ट इस्त्री करत होतीस. मला माहीत होतं. आणि मी "काय?" म्हटलं.

बाबांना मी हे सगळं रविवारी सांगितलं, ठोकळ्यासकट. ते बराच वेळ रुमालाची घडी घालत बसले.

"तिला तेव्हापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मला विचारलं नाही."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?"

"ते तिला सांगितलं असतं," बाबा म्हणाले. "तुला कशाला?"

बरोबर आहे. मला सांगू नये. तुम्हा दोघांमधलं ते मी ऐकणार नाही, विचारणारही नाही. त्यांच्या उत्तरानं तुला राग आला तर तो तू त्यांच्यावर समोरासमोर काढ. पण त्यासाठी समोर यावं लागेल. रेडिएशन सात आठवडे आहे, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून गिळता येणार नाही, पाणीसुद्धा टोचेल, असं डॉक्टर सांगतात. मी सगळं करीन. पण मी चमचा पुढे केला की ते "ठेव तिथे" म्हणतील आणि मी कामाला गेल्यावर ओतून टाकतील. तू 'गिळा' म्हणालीस की गिळतात. हे मी पाहिलेलं आहे.

माफ करून ये असं म्हणत नाही. माफ करण्यासारखं काही आहे का, ते मला माहीत नाही. भांडायला ये.

बुधवार, सकाळ

पाकीट बंद करत होते तेवढ्यात बाबा दाराशी आले. "आईला लिहितेस?"

"हो."

"तिला लिही, त्या संमतीच्या फॉर्मवर पत्नीची सही लागते. त्याशिवाय ते सुरूच करत नाहीत."

मी फॉर्म काढला. दोन्ही बाजूंनी वाचलेला आहे. पेशंटची सही लागते आणि एका साक्षीदाराची. साक्षीदार कुणीही चालतो, मी चालते. मी तसं सांगितलं.

"नीट वाच," बाबा म्हणाले. आवाज अगदी खरखरीत झालाय, ते दाराची चौकट धरून उभे होते.

मी त्यांच्यासमोर पुन्हा वाचला, पहिल्या ओळीपासून. त्यांनी पूर्ण वेळ वाट पाहिली. मग मी म्हटलं, "हो बाबा. लागते."

तर आई, फॉर्मवर तुझी सही लागते. सोमवारी, साडेआठच्या आत.

तुझी,
जिनं विचारायचं तेव्हा विचारलं नाही ती
लेक